डाव्या हाताचं वय

खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं, एवढीही अक्कल कुमुदिनीला माहेरून मिळाली नव्हती. भाच्याच्या बारशाला जाते म्हणून कटकला गेली, पोराला बरोबर नेलं, आणि दुसऱ्या दिवशी परत आली ती हात हलवत. बारशाच्या घरून येणारी बाई लाडू आणते, लाडू नाही तर पानाचा विडा आणते, अगदीच काही नाही तर चार जणींच्या चहाड्या तरी आणते. हिने काहीच आणलं नाही. निशामणीने तेव्हाच ओळखलं होतं की पाणी कुठंतरी मुरतंय. पण ती गप्प राहिली. सुनेचं खोटं लगेच पकडू नये, जरा आंबू द्यावं, मग ते आपणहून वर येतं, हे तिला सतरा वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. आणि आज सकाळी ते वर आलं. देव नावेतून तलावात फिरतात त्या चंदनयात्रेला चार दिवस उरलेले, नातवाची, आरतची, नाचाची रेशमी साडी उन्हात घालायची म्हणून तिने सुनेची पेटी उघडली, तर साडीच्या घडीत तपकिरी लिफाफा, आणि लिफाफ्यात काळा, लवचीक, गार लागणारा कागद. तिला वाटलं, कसलं तरी जुनं पोस्टर असेल. तिने तो खिडकीकडे धरला. त्यात एक हात होता. कातडं नाही, मांस नाही, नुसती पांढुरकी हाडं, पाच बोटं पसरून उभा राहिलेला हात, कोणाला तरी थांब म्हणत असल्यासारखा.

तो हात कोणाचा हे तिला विचारावं लागलं नाही. करंगळी जराशी आत वळलेली होती. ती करंगळी तिने दहा वर्षं आळत्याने रंगवली होती.

कुमुदिनी मागच्या पडवीत मोहरी वाटत होती. निशामणी लिफाफा घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा तिने वरवंटा थांबवला, पण मान खाली घातली नाही, आणि हेच निशामणीला सगळ्यात जास्त झोंबलं. मग तिने सगळं सांगितलं, मोहरीच्या पिवळ्या हातांनी, एकेक गोष्ट वाटून बाजूला सारल्यासारखी. कटकच्या मोठ्या इस्पितळात पोरांच्या वाढीचा डॉक्टर बसतो. त्याने आरतची उंची मोजली, हात पसरायला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं, पडद्यामागे नेऊन तपासलं, रक्त काढलं, डाव्या हाताचा फोटो काढला. आरतला पंधरा पुरी होऊन सोळावं लागलं आहे, पण हात अजून अकरा वर्षांचा आहे. हाडांच्या टोकांशी ज्या फटी दिसतात त्या वाढीच्या जागा, त्या अजून उघड्या आहेत. म्हणजे दोन तऱ्हा असू शकतात. एका तऱ्हेत पोर नुसतं सावकाश असतं, वर्षा-दोन वर्षांनी आपोआप अंग धरतं, काही न करता थांबलं तरी चालतं. दुसऱ्या तऱ्हेत डोक्यातून अंगाला जो निरोप जायचा तो जातच नाही. तिथं थांबून काही होत नाही. औषध द्यावं लागतं, आणि न दिलं तर आवाज आणि मिशा राहिल्याच, हाडंसुद्धा आतून भुसभुशीत होत जातात. या वयात रक्तावरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून डॉक्टरने दोन गोष्टी विचारल्या. घराण्यात पूर्वी असं कोणी होतं का, आणि या मुलाला वास येतो का. त्या दुसऱ्या तऱ्हेच्या मुलांना पुष्कळदा वासच येत नाही म्हणे. कुमुदिनीने सांगितलं होतं, घराण्यात असं कोणी नाही. वासाचं आरतनेच सांगितलं, येतो. तर मग थांबू, डॉक्टर म्हणाला. सोमवारी रक्ताचे कागद न्यायला या, आणि नवीन काही निघालं नाही तर दोन वर्षं वाट बघू.

निशामणीने तिला काय काय ऐकवलं ते पडवीपलीकडच्या शेजारणीनेही ऐकलं असणार. पोराला परक्या पुरुषासमोर उघडं केलंस. ज्याच्या नाचाला अख्खी साही, अख्खी गल्ली, डोळे लावून बसते त्याला तू रोगी ठरवून आलीस. तुझा नवरा गुरू आहे, त्याला विचारलंस? कुमुदिनी म्हणाली, विचारलं होतं, ते म्हणाले आईला विचार, बोउला. मग मला का नाही विचारलंस?  कुमुदिनीने पाट्यावरची मोहरी बोटाने गोळा केली, आणि मग हळूच, जणू मोहरीलाच सांगावं तसं म्हणाली, “मी नाही नेलं त्याला, बोउ. त्यानेच मला नेलं.”

आता दुपार होती. पखाळ खाऊन घर आडवं झालं होतं. रात्रभर पाण्यात आंबवलेला तो भात पोटात गेला की वैशाखात या गावावर जी झोप उतरते ती झोप नसतेच, ते एक पाणी असतं, आणि माणसं त्यात तळाशी जाऊन बसतात. निशामणीचा मुलगा बंशीधर नरेंद्र तलावावर नावा सजवायला गेला होता. आखड्याची, नाच शिकायला राहिलेली पोरं ओसरीवर एकमेकांच्या पोटावर पाय टाकून पसरली होती, त्यांच्या लांब वेण्या फरशीवर इकडेतिकडे सांडलेल्या. निशामणी आपल्या खोलीत ओल्या फरशीवर पाठ टेकून पडली होती. लिफाफा तिने परत दिला नव्हता. खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती, आणि ती अधूनमधून तो काळा कागद त्या पट्टीत धरी, आणि हात उगवे. हाडांच्या मध्ये मध्ये काळं होतं. ओवायचे राहून गेलेले मणी जसे नुसते एका रांगेत मांडून ठेवावेत, तशी बोटं. या बोटांनी हरीण होतं, या बोटांनी बासरी होते, राधेचा घुंगट होतो. आतून मात्र ते सगळे सुटे मणी. खिडकीबाहेरून एक कावळा गेला आणि त्याची सावली त्या तळहातातून आरपार गेली.

या घराचा धंदा म्हणा, सेवा म्हणा, ती हीच. कोवळ्या मुलग्यांना केस वाढवायला लावायचे, काजळ-आळता घालून मुलीच्या वेशात देवापुढे नाचवायचं. गोटिपुआ नाचणारं पोर सहा-सात वर्षांचं असताना येतं आणि तेरा-चौदाचं झालं की जातं. एके दिवशी गाताना त्याचा आवाज मध्येच तडकतो, ओठावर सावली येते, आणि मग त्याला खीर खाऊ घालून, केस कापून, पायातले घुंगरू सोडून दुसऱ्या पोराच्या पायात बांधायचे. घुंगरू सोडताना आया रडतात आणि पोरं लाजत हसतात. निशामणीने अशी साठ-सत्तर पोरं मोठी होऊन जाताना बघितली होती. कोणी भाजी विकतं, कोणी बँकेत आहे, एकाचं टक्कल पडलंय, तो भेटला की वाकून पाया पडतो आणि तिला त्याच्या टकलावर अजून गजरा दिसतो. आरतच्या बरोबरचे सगळे केव्हाच गेले होते. त्याच्या मागून आलेलेही गेले. तो राहिला. सोळाव्या वर्षीही तीच वेताची कंबर, तोच झऱ्याचा आवाज, आणि दहा वर्षांची साधना, जी दुसऱ्या कुठल्याही पोराच्या अंगात मुरायच्या आत अंगच बदलून जातं. लोक लांबून बघायला येत. साहीत म्हणत, देवाने, ठाकुरांनी, याला आपल्यासाठी ठेवून घेतलाय. याच्या धाकट्या आजोबाला ठेवलं होतं तसंच.

धाकटा आजोबा म्हणजे पद्मनाभ, घरातला पद्मन, निशामणीचा दीर. त्याचा फोटो ओसरीवर मधोमध होता, रोज त्याला हार पडायचा. फोटोत तो वीस वर्षांचा आहे आणि बाराची मुलगी दिसतो. कुमुदिनी या घरात आली तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती, तिला हा फोटो तेवढाच माहीत. आणि फोटोखालची गोष्ट माहीत, की काका ब्रह्मचारी राहिले, लग्नाला नाही म्हणाले, ठाकुरांची दासी म्हणून जगले. बंशीधरही तेच सांगायचा, आपल्या शिष्यांना, परदेशी पाहुण्यांना, वर्तमानपत्रवाल्यांना. त्याला ती गोष्ट त्याच्या आईने सांगितली होती. पहिल्यांदा कोणी जुळवली ती? उन्हाच्या पट्टीत धुळीचे कण वर चढत होते आणि निशामणी त्यांच्याकडे बघत होती. मीच, ती मनात म्हणाली. विहिरीवर, बायकांच्या घोळक्यात, तांब्या घासता घासता. कोणीतरी खवचटपणे विचारलं होतं, तुझ्या दिराला दाढी कधी येणार गं. आणि ती ताडकन बोलून गेली होती, ज्याला ठाकूर ठेवतो त्याला न्हावी लागत नाही.  दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने पद्मनच्या पायांना हात लावला.

ती या घरात आली तेव्हा पंधराची होती आणि पद्मन नऊचा. घरात सगळे तिच्याशी आज्ञेत बोलत, हा एकटा तिच्याशी गप्पा मारी. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती चुलीपुढे बसायची आणि तो तिच्या गुडघ्याला टेकून दिवसभराचं सगळं सांगायचा. आणि एकदा, आल्यानंतर वर्षभरात केव्हातरी, त्याने विचारलं होतं, “भाउज, वास येतो म्हणजे काय होतं?” तिला आधी वाटलं, चावटपणा करतोय. मग तिने त्याच्या नाकाशी केवड्याचं पान धरलं, मग लसूण चेचून धरला, मग धूप. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, दुसऱ्या कोणाच्या घरी पाहुण्यांना वाढलेलं जेवण बघावं तसा. तिने कोणाला सांगितलं नाही. ते त्या दोघांचं झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं तो विचारायचा, भाउज, हे कसं आहे, आणि ती सांगायची. तिला शब्द कुठे येत होते, शाळा तर दुसरीतच सुटली होती, पण त्याच्यासाठी ती शोधायची. केवडा म्हणजे थंड सुई, कपाळातून आत जाणारी. चंदन म्हणजे झाकण घातलेली विहीर. तूप करपलं म्हणजे कोणीतरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवल्यासारखं. तान्ह्याचं डोकं? तेव्हा बंशीधर नुकताच झालेला होता. तान्ह्याचं डोकं म्हणजे, ती म्हणाली होती, आणि मग तिला काही सुचेना. पद्मनने बाळाच्या टाळूला नाक लावून बराच वेळ डोळे मिटून ठेवले होते. ऊबच आहे नुसती, तो म्हणाला होता. ती तरी आहे.

तिच्या उघड्या तळहाताला फरशी गार लागत होती. कागदातला हात तिने छातीवर ठेवला होता. एवढा हलका. पद्मनचा हात हलका नव्हता, नंतर नंतर तर नव्हताच. त्याचे हात लांब होत गेले. तिशीत तो उंचच उंच झाला, हात गुडघ्याशी लागावेत असे, आणि वर तोंड पोराचं, गालावर बारीक सुरकुत्यांची जाळी, आवाज बाईचा. नावेवर नाचायला तो आता जायचा नाही. पोरांचे चेहरे रंगवायचा. कपाळावर पांढरे ठिपके काढताना त्याच्याइतका स्थिर हात कोणाचा नव्हता. बाजारात गेला की टपरीवरचे लोक शीळ घालत. तो घरी येऊन सांगायचा नाही, पण त्या दिवशी पखाळ दोनदा मागून खायचा. लग्नाचं कोणी काढलं नाही. कोण काढणार, ज्याला ठाकुरांनी ठेवलं त्याचं? आणि एका चंदनयात्रेला पोरांना नावेवर चढवताना फळीवरून त्याचा पाय घसरला, हातभर उंचीवरून तो पडला असेल, आणि मांडीचं हाड वाळक्या काटकीसारखं मोडलं. ते जुळलं नाही. आतून काहीच नाही, हाड बसवणारा म्हणाला, बोरूसारखं पोकळ आहे. पद्मन त्यानंतर अडीच वर्षं अंथरुणावर होता. याच खोलीत. याच खिडकीखाली.

आणि आता ती त्या सकाळपाशी येऊन थांबली, जिच्या बाजूने ती चव्वेचाळीस वर्षं वळसा घालून जात होती. चंदनयात्रेचाच पंधरवडा होता. पद्मन सतराचा. आदल्या संध्याकाळी तो नावेवर असा नाचला होता की तलावाच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली होती. सकाळी पुरुष सगळे देवळात, ती एकटी उंबऱ्यात सडा घालत होती, तर चष्मा लावलेला एक माणूस येऊन उभा राहिला. कटकचा डॉक्टर आहे म्हणाला. काल नाच बघितला. मागून त्या मुलाशी बोललो, त्याने वय सतरा सांगितलं. तिने तोंडावर पदर ओढला, आणि तो पदराशी बोलला, सावकाश, साध्या शब्दांत. हे वेळेवर व्हायला हवं ते झालेलं नाही, बाई. यावर सुई आहे. आत्ता आणलंत तर पुष्कळ करता येईल. पुढे हाडांना त्रास होतो. मग त्याने एक कागद लिहून दिला, घरातल्या वडिलांना द्या म्हणाला, आणि चपला वाजवत गेला. कागदावर इंग्रजी होतं. पण तोंडाने तर तो ओडियातच बोलला होता. तिला सगळं समजलं होतं. पुढच्याच महिन्यात दिल्लीला नाच होता, तिने पद्मनसाठी चोळीला आरसे लावले होते, एकेक आरसा, डोळे दुखेपर्यंत. ती लोकांना हेच कारण सांगू शकली असती, कोणी विचारलं असतं तर. पण आज या ओल्या फरशीवर पडल्या पडल्या तिला ते खरं कारण वाटेना. खरं ते चुलीपुढचं होतं. पद्मनचा आवाज फुटला असता, मिशा आल्या असत्या, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला तिच्या गुडघ्याला टेकून बसता आलं नसतं. त्याने बायको आणली असती. केवड्याचा वास कसा असतो ते दुसऱ्याच कोणीतरी त्याला सांगितलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी तिने तो कागद डाळीच्या हंड्याखाली सारला, आणि त्याची कड लाल झाली, मग काळी, मग काहीच नाही.

पद्मनने मरायच्या आधी आठवडाभर विचारलं होतं. दुपारच होती, अशीच. तो छताकडे बघत होता. “भाउज, त्या डॉक्टरने कागद दिला होता ना? मी ओसरीवरून बघितलं होतं. काय लिहिलं होतं त्यात?”

तिने म्हटलं होतं, तुझ्या नाचाची तारीफ लिहिली होती.

तो हसला होता.  मग म्हणाला, हे कसं आहे भाउज, आज हवेत काय आहे? आणि ती म्हणाली, चंदन. हवेत काहीच नव्हतं. औषधांचा आणि अंथरुणाचा वास होता.

ओसरीवर घुंगरू वाजले. कोणीतरी झोपेत कूस बदलली असेल. निशामणी उठून बसली, भिंतीला टेकली. आरतचं तिला केव्हा कळलं? तो सहा वर्षांचा होता, वाटीतलं नासलेलं दूध तो ओठाला लावून घटाघटा प्यायला आणि मग चवीने तोंड वाकडं केलं, तेव्हा. तिने वाटी विसळून ठेवली होती. मग पोर मोठं हुशार निघालं. दुसऱ्याने नाक मुरडलं की हाही मुरडायचा, कोणी आहाहा म्हटलं की हाही म्हणायचा. आईला पत्ता लागला नाही. पण गेल्याच महिन्यात चुलीवर पिठा, तांदळाची गोड पोळी, करपून कोळसा झाला, घरभर धूर, आणि हा चुलीपासून दोन हातांवर बसून पाढे लिहावेत तसा भूगोल लिहीत होता. निशामणीने स्वतः येऊन भांडं उतरवलं आणि त्यालाच टपली मारली, लक्ष कुठंय रे तुझं. स्वतःलाच फसवायची किती सवय लागते माणसाला. आणि त्याआधी, माघात, तिने त्याला आरशापुढे पकडलं होतं. नाच संपवून आला होता, तोंड धुतलेलं, वेणी सोडलेली, आणि काजळाच्या काडीने तो ओठावर मिशी काढत होता. थट्टा म्हणून नाही. एकेक केस, बारीक, खालून वर, पद्मनच्या शिस्तीने. तिने त्याच्या थोबाडीत दिली होती. पुरुष व्हायची एवढी घाई आहे का, म्हणाली होती. त्याने काजळ हाताने पुसलं, ते गालभर पसरलं, आणि तो म्हणाला, घाई नाही जेजेमा, उशीर झालाय.

थांबू म्हणाला डॉक्टर. दोन वर्षं. घराण्यात कोणी नाही, वास येतो. दोन वर्षं आणखी नावेवर, आणखी फोटो, आणखी म्हाताऱ्या पायांना हात लावायला. ती नुसती गप्प बसली तरी पुरेल. तिला तर काही करावंही लागणार नाही, या वेळी हंडासुद्धा उचलावा लागणार नाही.

ती उठली. पडवीत गेली, सुनेच्या बाजूच्या फळीवर मागे, खाली, झाकण घट्ट लावलेलं मडकं होतं. या मडक्यात सुकी मासळी असायची, निशामणीने विधवा झाल्यापासून एकोणीस वर्षं त्या मडक्याला हात लावला नव्हता, ते ठेवलेल्या फळीलाही नाही. तिने झाकण काढलं. वास असा वर आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने बोटांनी मासळीच्या दोन काड्या उचलल्या, पानावर ठेवल्या, आणि ते पान दुसऱ्या पानाने झाकून खोलीत आली. मग आरतला हाक मारली.

तो डोळे चोळत आला. कमरेला पंचा, खांद्यावर सुटलेले केस, गळ्याच्या खळीत घाम. सोळाव्या वर्षातलं माणूस या दारातून यायचं तर त्याचं डोकं वरच्या चौकटीपासून वितीवर यायला हवं. याचं हातभर खाली होतं.

“बस. डोळे मिट.”

“काय आहे, जेजेमा?”

“मिट म्हटलं ना. चंदनयात्रेचं आहे. कसा वास आहे सांग.”

त्याने डोळे मिटले. तिने वरचं पान काढलं आणि त्याच्या नाकापासून चार बोटांवर धरलं. त्याने शहाण्या मुलासारखा श्वास घेतला, लांब, सावकाश, गुरूने शिकवल्यासारखा. त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, तेच, नावेवर पहिलं पाऊल टाकताना उमटायचं ते.

“केवडा,” तो म्हणाला. “छान आहे.”

 त्याने डोळे उघडले. त्याने मासळी बघितली, मग पान धरलेली आजीची बोटं बघितली, आणि जे समजायचं ते त्याला एकदम समजलं. तो रडला नाही. खाली बघून पंच्याची दशी वळत राहिला. मग त्याने सांगितलं, त्याला वाटायचं सगळे असंच करतात. कोणालाच काही येत नाही, फक्त म्हणायचं असतं म्हणून म्हणतात, नमस्कार करतात तसं. नंतर कळलं की आपल्यालाच येत नाही. मग डॉक्टरला का नाही सांगितलंस, तिने विचारलं.

“आणखी एक काहीतरी कमी निघालं असतं,” आरत म्हणाला. “आधीच किती निघालं होतं.” मग त्याने मान वर केली. “केवडा कसा असतो, जेजेमा?”

थंड सुई, तिच्या जिभेवर आलं. कपाळातून आत जाणारी. ती ते बोलली नाही. तो शब्द दुसऱ्याला दिलेला होता. तिने त्याचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, वळलेल्या करंगळीसकट, आणि बोटाचं एकेक पेर चाचपलं. कागदात दिसलेल्या फटी हाताला लागत नव्हत्या. कातड्याखाली सगळं अखंड वाटत होतं, कोवळं, ऊन. तिथेच कुठेतरी त्या जागा होत्या, अजून उघड्या, कोणाची तरी वाट बघत.

पडवीत कुमुदिनी उठून डाळीच्या बड्या उन्हातून गोळा करत होती. सासू येऊन समोर उभी राहिली तशी ती बाजूला सरली, सकाळचं उरलेलं ऐकायची तयारी ठेवून. निशामणीने लिफाफा तिच्यापुढे धरला. तो घ्यायला कुमुदिनी वाकली आणि तशीच थांबली. तिची नजर सासूच्या बोटांवर गेली, मग फळीवरच्या मडक्याकडे, मग परत बोटांवर.

“बोउ,” ती म्हणाली, “तुमच्या हाताला सुक्या मासळीचा...”

“येतोय ना तुला वास? पोराला आला नाही. नाकाशी धरली तर केवडा म्हणाला.” निशामणीने एकदा ओसरीच्या दिशेला बघितलं, जिथं हार घातलेला फोटो होता, आणि तिने आवाज मुळीच खाली आणला नाही. “पद्मनलाही यायचा नाही. त्याला कोणी ठेवून घेतलं नव्हतं, तो आजारी होता, आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचं मी होऊ दिलं नाही. बसून ऐकायचं तर बस, उभी राहीन म्हणालीस तर उभी राहा, पण मध्ये रडू नकोस. आता तुझं ऐक. तू माझ्याशी खोटं बोललीस, ते मी विसरणार नाही. घरचं पोर चोरासारखं नेलंस, तेही नाही. सोमवारी उजाडता जायचं. रिक्षा दारात बोलवायची, कोपऱ्यावर नाही, साहीने बघितलं पाहिजे. बंशीला मी सांगते, त्याला तो फोटो उतरवायचा असेल तर उतरवू दे. तू पोराला घेऊन मागे बस, पुढे मी बसेन. आणि डॉक्टर विचारील, घराण्यात कोणी होतं का, तेव्हा तू तोंड उघडायचं नाहीस, बोहू. तो माझा दीर होता. त्याचं मी सांगेन.”